शिल्लकीतल्या काचा

खात्रीबाईंचा दिवस पहाटे साडेचारला दुधाच्या भांड्यापासून सुरू व्हायचा. भांड्याच्या आतल्या अंगाला त्यांनी खिळ्यानं एक रेघ ओढून ठेवली होती. रात्री दूध रेघेपर्यंत असलं, की सकाळी ते रेघेपर्यंतच असायला हवं. कमी दिसलं तर त्या पडद्यापलीकडे झोपलेल्या नणंदेकडे बघत. ते त्या मला लपवून नाही, फुशारकीनं सांगत.

हॉस्पिटलच्या तळघरात, गाठींचे आणि मांसाचे नमुने तपासतात त्या खोलीत, त्या कापणीचं काम करत. मी तिथेच मेण वितळवायचो, काचा आणि भांडी धुवायचो. मला सगळे मेणवाले म्हणत. बाईंचं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं. चहा पुढे केला की त्या विचारत, "साखर घातली?"

"घातली."

"खात्री?"

कपात चमचा उभा राहील एवढी साखर असली तरी हा प्रश्न चुकत नसे. त्यावरून नाव पडलं ते पडलंच.

त्यांचं काम सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं मशीन कापतं आणि बाई बसते. ऑपरेशन करून काढलेला तुकडा मेणात बसवून त्याची वडी करतात. वडी बर्फावर थंड करून मशीनला लावायची आणि चाक फिरवायचं. दर फेऱ्याला पात्यावरून एक पापुद्रा सुटतो. तो इतका पातळ असतो की खोलीत कुणी शिंकलं तर गेला. तो ब्रशच्या टोकानं उचलून कोमट पाण्यावर सोडायचा, खालून काच घालून अलगद वर घ्यायचा. चाकाला जोर लागत नाही. एकसारखेपणा लागतो, आणि जोरापेक्षा तो महाग आहे. खांदा हलायला नको, मनगट थांबायला नको, श्वास मध्येच सोडायला नको. दिवसभर असं बसलं की संध्याकाळी मान दगडासारखी होते. मी पोतीही उचललेली आहेत. पोत्यानं पाठ मोडते, या कामानं माणूस आतून आवळला जातो.

आणखी एक गोष्ट आहे. वडी एकदा मशीनवरून उतरवली आणि पुन्हा लावली, तर ती पहिल्या जागी बरोब्बर बसत नाही. तिचं तोंड पुन्हा सपाट करावं लागतं आणि त्यात मांस फुकट जातं. छोट्या तुकड्याची वडी दोन-तीनदा लावली की संपलीच. म्हणून बाई एका बसणीत चार काचा जास्तीच्या कापून ठेवत. मेणाच्या भट्टीवर एक फळी होती, तिच्यावर लाकडी पेटी, पेटीत या जादा काचा. त्याला त्या 'शिल्लक' म्हणत. डॉक्टरांनी पुन्हा काच मागितली की वडीला हात न लावता शिल्लकीतून निघायची. सगळे त्यांची वाहवा करत. वर्षानुवर्षं हे नीट चाललं.

दुसरा कापणारा होता, त्याला सगळे घाई म्हणत. शीळ वाजवत यायचा, काम उरकायचा, शीळ वाजवत जायचा. हात वाईट नव्हता त्याचा, पण बाईंचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. घरी जाताना त्या आपल्या मशीनच्या चाकाला दोऱ्याचा वेढा घालून जात. सकाळी दोरा तुटला असेल तर कुणीतरी चाक फिरवलं. एकदा तुटला होता. त्या दिवशी घाईची जी झडती झाली, ती चोराचीही होत नाही. नंतर बर्फाच्या पेटीमागे उंदीर सापडला.

"उंदराला विचारा, खात्री आहे का," घाई म्हणाला.

बाईंच्या घरी सासू नव्हती, मूलबाळ नव्हतं. नवरा होता, आणि नवऱ्याची मोठी बहीण. तिला त्या रीतीनं वन्सं म्हणत आणि मनातल्या मनात काय म्हणत ते सांगत नसत. वन्सं पायाच्या मशीनवर शिवणकाम करत. शाळांचे गणवेश, पडदे, गाद्यांच्या खोळी. खिडकीजवळच्या कोपऱ्यात मशीन होतं आणि ते सकाळपासून धडधडायचं. दोघींच्या मध्ये नवरा झोपेचं सोंग घ्यायचा. या सोंगात तो इतका तरबेज झाला होता की कधीकधी त्याला खरंच झोप लागायची.

बाईंना एक लोखंडी कपाट हवं होतं, किल्लीचं. किल्ली फक्त आपल्याकडे. त्यासाठी पगारातून त्या बाजूला टाकत आल्या होत्या, आणि कपाट ठेवायला घरात एकच जागा होती, तो खिडकीचा कोपरा. एका रविवारी वन्सं बाहेर गेल्याचं बघून त्यांनी तो कोपरा टेपनं मापला. वन्सं चष्मा विसरल्या म्हणून परत आल्या होत्या. दारातून त्यांनी ते मापन पाहिलं आणि एक शब्द न बोलता चष्मा घेऊन गेल्या.

त्याच सुमारास वन्संच्या उजव्या मांडीत गाठ आली. दुखत नव्हती, पण वाढत होती. वन्संनी घरात सांगितलं नाही. भावजयीला कळलं तर हॉस्पिटलभर होईल, असा त्यांचा हिशेब. एकट्या जाऊन तपासून आल्या. तुकडा काढला, तो आमच्या खोलीत आला. वडीवर आकडा असतो, नाव नसतं. बाईंनी ती वडी कापली, नेहमीसारख्या चार काचा शिल्लकीत टाकल्या आणि पुढच्या वडीला हात घातला.

काही दिवसांनी बाई हॉस्पिटलच्या रिपोर्ट वाटायच्या खिडकीशी गठ्ठा द्यायला गेल्या, तर पलीकडे वन्सं उभ्या.

"वन्सं? तुम्ही इथे?"

"का? हॉस्पिटल तुझ्या बापाचं आहे?"

"कसला रिपोर्ट?"

"शेजारणीचा."

पण खिडकीतल्या कारकुनानं आकडा आणि नाव मोठ्यानं वाचलं. बाई तो आकडा विसरणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा बघून वन्संनीही ओळखलं.

"तूच कापलंस ना ते?" वन्सं म्हणाल्या. "माझा पाय आणि तुझी सुरी. वरच्यानं काय जोडी जमवली!"

आमच्या खोलीच्या मोठ्या डॉक्टर म्हणजे मॅडम. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून निदान त्या करत. त्यांनी बाईंना बसवून समजावलं. मी तिथेच काचा धूत होतो, म्हणून मलाही समजलं.

अंगातली प्रत्येक पेशी काही ना काही काम शिकलेली असते. चरबीच्या पेशीचं काम म्हणजे चरबी तयार करायची आणि साठवायची. चरबी ज्यांची बनते त्या मेदाम्लांची जुळणी करायला पेशीकडे एन्झाइम असतात, म्हणजे तिची हत्यारंच. वन्संची गाठ चरबीतून उठलेली होती. अशा गाठीत काही पेशी बिघडल्या तरी धंदा धरून असतात. काही मात्र सगळं विसरतात आणि नुसत्या वाढत सुटतात. विसरलेल्या जास्त वाईट, त्या पसरतात. काचेला नेहमी देतात त्या रंगात वन्संची गाठ धड इकडची दिसत नव्हती, धड तिकडची नाही.

"एक नवा रंग मागवते," मॅडम म्हणाल्या. "एन्झाइम जिथे असेल तिथे तपकिरी उठतं. तपकिरी आलं तर पेशींना काम आठवतंय. मग गाठ आणि भोवतालचं थोडं काढून भागेल. फिकट राहिलं तर सर्जन पाय शाबूत ठेवायला तयार होणार नाहीत."

"एका रंगावर पाय?"

"एका रंगावर नाही. पण बाकी सगळं निम्मं-निम्मं आहे. पारडं यानंच झुकणार."

"तपकिरी म्हणजे चांगलं. असंच ना?"

"या गाठीत चांगलं. दुसऱ्या काही अवयवांच्या गाठीत हेच एन्झाइम फार दिसलं तर आम्हाला काळजी वाटते."

"म्हणजे एकाच रंगाचे दोन अर्थ?" बाईंचे डोळे बारीक झाले. "मग त्या रंगावर विश्वास कसा ठेवायचा?"

"रंगावर ठेवू नका. कुठे आलाय ते बघा," मॅडम म्हणाल्या. "आणि एक. तुमच्या घरातलं माणूस आहे, तेव्हा या रंगाचं काम आपला घाई करील. तुम्ही नाही."

बाटली लांबून यायची होती. दोन महिने गेले. तोवर वन्सं मशीन चालवत राहिल्या, डाव्या पायावर जोर देऊन. बाईंना आवाजावरूनच कळायचं. पूर्वी धडधड एकसारखी असायची, आता लंगडी झाली होती.

बाटली आली. मॅडम तेव्हा कुठल्या तरी सभेला बाहेरगावी होत्या. बाईंनी फळीवरची पेटी काढून त्या आकड्याच्या दोन काचा घाईच्या हातात ठेवल्या. "वडीत फार थोडं उरलंय. ती लावू नकोस, शिल्लकीतल्या घे. आणि बाटली नीट हलव."

घाईनं रंग केला. पडताळ्यासाठी दुसऱ्या माणसाच्या निरोगी चरबीची एक काच त्या दिवशी ताजी कापून शेजारी घेतली होती. तिच्यावर तपकिरी छान उठलं. वन्संच्या दोन्ही काचा मात्र पुसल्यासारख्या फिकट.

पुढचे दोन दिवस आमच्या खोलीत कुणाची धडगत नव्हती. बाईंनी आधी घाईला धरलं.

"पाणी कुठलं वापरलंस?"

"नळाचं नाही, बाटलीतलं."

"खात्री?"

"बाई, मी घाई आहे, आंधळा नाही. तीच बाटली, तेच पाणी, तोच हात. शेजारची काच बघा, कशी उठलीय."

मग माझी पाळी. त्यांनी मी धुतलेलं एकेक भांडं उजेडाला धरून साबणाचा डाग शोधला. सापडला नाही. चार पाण्यांतून काढलेल्या भांड्यावर डाग राहत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण भांडं खाली ठेवलं नाही. मग वड्या बदलल्याचा संशय घेतला. कपाटातून वडी काढून तिच्यावरचा आकडा नखानं खरवडून बघितला. आकडा त्यांच्याच हातचा होता. शेवटी औषधाचा दुकानदार, बाटली आणणारा शिपाई, सगळे झाले. मी त्यांना इतक्या माणसांवर एका वेळी संशय घेताना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्या बाबतीतसुद्धा हे म्हणजे फारच झालं.

घरी गेल्यावर उलटंच होतं. तिथे संशय त्यांच्यावर.

"रंग आला नाही म्हणे," वन्संनी मशीनवरून मान न उचलता विचारलं.

"नाही आला."

"येईल कसा? पाय गेला की मशीन गेलं. मशीन गेलं की कोपरा रिकामा. टेप लावून झालाय, कपाट तेवढं यायचं राहिलंय."

"वन्सं, मी असं करीन?"

"दुधाला रेघ मारणारी बाई काय करील, मी कसं सांगू?"

नवरा उठून बसला. हे बाईंनी मला सांगितलं तेव्हा याच गोष्टीवर त्यांचा भर होता. तो पहिल्यांदाच उठून बसला, आणि पुन्हा आडवा झाला.

सर्जननी ऑपरेशनचा वार ठरवला. सहीसाठी काचा मॅडमपुढे गेल्या. त्या सकाळीच परतल्या होत्या. काच लावून त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग बाईंना हाक मारली. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला दोन माणसांनी एकदम बघायची सोय होती.

"ही गाठ. दिसली? आता कडेला चला. ही काय आहे?"

"चरबी."

"कशी?"

"चांगली. गाठीबाहेरची, तुकड्याबरोबर निघालेली."

"हिला काही आजार नाही. मग ही का फिकट? गाठीतल्या पेशी काम विसरल्या असतील, समजू शकते. या निरोगी चरबीनं का विसरावं?"

मॅडमनी घाईला विचारलं, "या काचा कधी कापल्यास?"

"मी नाही कापल्या. मला दिल्या."

"कुठल्या दिल्या?"

"शिल्लकीतल्या," बाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मी नळ बंद केला.

"म्हणजे दोन महिन्यांपूर्वीच्या. कुठे ठेवता शिल्लक?"

बाईंनी बोट वर केलं. मॅडम उठल्या, भट्टीवरच्या फळीवर तळहात ठेवला आणि लगेच काढला.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. "नेहमीच्या रंगाला अशा काचा चालतात, म्हणून इतकी वर्षं निभावलं. असल्या रंगाला नाही. पापुद्रा एवढा पातळ, वर हवा, खालून ऊब. एन्झाइम हळूहळू इतकं बदलतं की रंगाला ते ओळखूच येत नाही. वडीत मेणानं झाकलेलं असतं, तिथे टिकतं. मीही विचारायला हवं होतं, काच ताजी आहे का म्हणून."

"शिळ्या झाल्या," बाई म्हणाल्या.

"हो. शिळ्या."

घाईला राहवलं नाही. "काखेत कळसा नि गावाला वळसा. सगळं हॉस्पिटल पालथं घातलंत, बाई, आणि पेटी तुमचीच!"

एरवी त्याची धडगत नव्हती. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी वडी आणली आणि बर्फावर ठेवली. उजेडात धरली तेव्हा मला मेणात मांसाची एक चकती दिसली, नखाच्या पापुद्र्याएवढी. तोंड सपाट करण्यातच ती संपली तर पुन्हा रुग्णाला कापायचं, पुन्हा तुकडा, पुन्हा थांबणं, आणि सर्जनना आता थांबायचं नव्हतं.

बाई मशीनवर बसल्या. मॅडम म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, तुम्ही नाही."

"मॅडम, ही वडी मी लावलेली. तिचा कल मला ठाऊक आहे. याला नाही."

मॅडम बाजूला सरकल्या. बाईंनी वडी लावली. कल बघितला, स्क्रू थोडा फिरवला, पुन्हा बघितला. कल बरोबर जुळवला, यात वाद नाही. मग दोरा सोडून चाकावर हात ठेवला आणि तो हात थरथरायला लागला. त्यांनी तो काढला, पदराला पुसला, पुन्हा ठेवला. तेच. मी त्यांना तापात कापताना पाहिलंय, त्यांचे वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कापताना पाहिलंय. हात कधी हलला नव्हता.

त्या उठल्या.

"घाई, तू काप."

त्या मशीनवर दुसऱ्या माणसाचा हात मी कधी पाहिला नव्हता. घाईनंही नसावा. तो एकदा मॅडमकडे बघून स्टुलावर बसला आणि मग बाईंकडे मान वळवली.

"खात्री?"

थट्टा होती की नव्हती, मला आजही सांगता येणार नाही.

"नाही," बाई म्हणाल्या. "तरी काप."

घाईनं काप घेतला. त्या दिवशी त्याला कुणी घाई म्हटलं नसतं. पहिले फेरे नुसत्या मेणाचे गेले. मग मांसाची कड आली, अर्धवट, फुकट जाणारी. तो थांबला नाही. थांबलं की पात्याची खूण उमटते आणि पुढचा पापुद्रा जाड येतो, हे त्याला माहीत होतं. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, पण चाकाचा आवाज ऐकत होत्या. पूर्ण पापुद्रे तीन निघाले, एकमेकांना चिकटलेले. चौथ्यात चकतीला भोक पडलं. ते तीन त्यानं पाण्यावर सोडले आणि तेव्हा कुठे श्वास सोडला. मला वाटतं, आम्ही सगळ्यांनीच सोडला.

रंग त्याच दिवशी केला. बाईंनी कशालाही हात लावला नाही. स्टुलावर बसून राहिल्या, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

मॅडमनी आधी कडेची चरबी बघितली. "उठली." मग काच सरकवून गाठीवर आल्या. ती इकडून तिकडे फिरवून बघितली.

"बहुतेकांना आठवतंय," त्या शेवटी म्हणाल्या. "सगळ्यांना नाही. मधे काही फिकट ठिपके आहेत. पण बहुतेकांना."

"खात्री?"

"सर्जनना फोन करण्याइतकी. याहून जास्त खात्री मी कुणालाच देत नाही."

फोन झाला. वन्संचा पाय राहिला. गाठीबरोबर मांडीच्या स्नायूचा मोठा घास काढावा लागला, आणि पुढे वर्षानुवर्षं तपासण्या करत राहायचं, हेही सांगितलं.

ऑपरेशनच्या आधी बाईंनी वन्संना सगळं सांगितलं. पेटी, फळी, शिळ्या काचा, घाईचा हात. काही झाकलं नाही. वन्सं ऐकत राहिल्या.

"म्हणजे चूक तुझी."

"माझी."

"आणि मुद्दाम नाही."

"नाही."

वन्संनी चष्मा सावरून त्यांच्याकडे बघितलं. "बघू," म्हणाल्या.

बाईंनी पेटी फळीवरून काढली. काचा फेकल्या नाहीत, फेकणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. पण प्रत्येक काचेवर कापल्याचा दिवस लिहायला लागल्या आणि पेटी थंड कपाटात गेली. चाकाचा दोरा मात्र गेला नाही. घाईला त्यांनी सांगितलं, "तुझ्यासाठी नाही, उंदरासाठी आहे." त्यानं ते मान्य केलं, निदान तोंडावर.

वन्सं घरी आल्या, चालू लागल्या. मशीनवर बसल्या तेव्हा खरं दुखणं कळलं. पाय होता, पण दाब धरत नव्हता. दहा-बारा टाके झाले की मांडी भरून यायची. त्या काही बोलत नसत. कोपऱ्यातला आवाज सुरू व्हायचा आणि बंद पडायचा. बाई पडद्याअलीकडून ऐकायच्या. चाक फिरवणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं चाक अडलेलं ऐकवत नाही.

एका रविवारी त्या वन्संना म्हणाल्या, "चला, बाहेर जायचंय."

"कुठे? कपाट बघायला?"

"चला तर."

दुकानात त्यांनी शिवणयंत्राला लावायची विजेची मोटार मागितली, पायाला फक्त एक लहान दाबबटण. दुकानदारानं लावून दाखवली आणि म्हणाला, दोन वर्षं काही होणार नाही.

"खात्री?" दोघींनी एकदम विचारलं.

दुकानदार सांगत असे, असलं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. मोटार तीनदा सोडवायला आणि तीनदा लावायला लावली.

लोखंडी कपाट त्या घरात कधी आलं नाही. त्यासाठी बाजूला टाकलेला सगळा पगार त्या मोटारीत गेला, आणि वन्सं त्या मोटारीवर पुढे कितीतरी वर्षं शिवत राहिल्या. दुधाच्या भांड्यातली रेघ तशीच होती. फक्त आता सकाळी दोघींपैकी जी आधी उठेल ती बघायची.